अर्थिंगची पिन

घरी बनवलेला माझा, जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर लावला की गाण्याआधी घूं घूं आवाज यायचा. माझा भाऊ किशोर पाहायला आला नि म्हणाला, "प्लगची अर्थिंगची पिन कापून टाक, आरती. आवाज जाते."

"आवाज जाईन, अन् बॉडीले करंट आला तं मीबी जाईन. नाही कापत."

"अख्ख्या अकोल्यात कापतेत. तूच मोठी शायनी."

मी अ‍ॅम्प्लिफायरचा डबा उघडला. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटच्या दोन तारा मी सरळच सोडल्या होत्या. माय वाती वळते तसा त्यांना घट्ट पीळ घातला. अर्थिंगच्या तारा डब्याला चार ठिकाणी जोडल्या होत्या, त्या एकाच स्क्रूखाली आणल्या. लावला. आवाज गेला होता. पिन जागेवर होती.

"इतक्या तरासापेक्षा कापली असती," दादा म्हणाला.

त्याच्या घरी कुलरमध्ये पाणी टाकताना सगळे रबरी चपला घालतात, कारण कुलर झटका मारतो. वहिनी तर तो कुलरचा स्वभावच असल्यासारखं सांगते. त्या प्लगची पिन यानेच कापली आहे.

मी पक्कड आणि नवा प्लग पिशवीत टाकला.

"चाल, दादा. तुया कुलर दाखव."