कोंबड्यांपुढून उचललेला पेला

माझ्या अंगावर शेकडो रेषा आहेत आणि त्यांतली एकही मला पडलेली भेग नाही. मित्रांनो, हे सांगून सांगून मी थकलो आहे. मी चहाचा एक जुना पेला. बिनकानाचा, दगडासारख्या टणक मातीचा, फिकट हिरव्या झिलईचा.

चीनमधल्या लोंगछुआनच्या डोंगरात, उतारावर सापासारख्या पसरलेल्या भट्टीत मी भाजलो गेलो. थंड होताना माझी झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसली आणि टिंग टिंग करत तिच्यावर जाळे उमटले. कुंभाराला तेच हवे होते. तो कान देऊन ऐकत बसला होता. त्यानंतर माझे कोणी कान देऊन ऐकल्याचे आठवत नाही.

पिढ्या गेल्या. एका घरात मी पाहुण्यांपुढे मिरवलो. पुढच्या घरात ‘फुटकाच दिसतोय’ म्हणून माझ्यात मीठ ठेवले. त्यापुढच्यांनी माझ्यातून कोंबड्यांना पाणी पाजले. चोची मारून मारून त्यांनी माझा जीव नकोसा केला.

तिथून मला ‘ये’ आडनावाच्या गुरुजींनी उचलले. बदल्यात त्यांनी मालकिणीला नवाकोरा वाडगा दिला. ती त्यांच्याकडे वेड्याकडे पाहावे तशी पाहत राहिली.

गुरुजी सदतीस वर्षे रोज सकाळी माझ्यातून लाल चहा प्याले. चहा जाळ्यात मुरत गेला. रेषा आधी पिवळसर झाल्या, मग तांबूस, मग गडद तपकिरी. आमच्याकडे याला पेला वाढवणे म्हणतात, मूल वाढवावे तसे. त्याला साबण चालत नाही, घासणी चालत नाही. गरम पाण्याने विसळायचे, एवढेच. एकदा सुनेने घासणी उचलली, तर गुरुजी म्हणाले, “ती तुझ्या नवऱ्याच्या तोंडाला लाव. याला नको.”

गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी त्यांच्या फोटोपुढे चहा ठेवायचा होता. नातेवाईक यायचे होते. त्यांचा मुलगा शाओपेई याने मला उन्हात धरले, नाक मुरडले आणि कपडे पांढरे करण्याच्या पाण्यात आडवे टाकले. पातेले उथळ होते, म्हणून अर्धाच बुडालो. मी ओरडलो असतो, पण पेल्याला तोंड असते ते फक्त चहासाठी.

शहरातून आलेली गुरुजींची मुलगी छिनयुन स्वयंपाकघरात शिरली.

“दादा, हे काय?”

“बाबांचा पेला. घासून निघेना, म्हणून भिजत घातलाय. लोक काय म्हणतील, मेल्यावरही कळकट पेल्यात चहा?”

“किती वेळ झाला?”

“अर्धा तास असेल. अगं, बघ तरी, मळ कसा निघतोय.”

तिने हात घालून मला बाहेर काढले. बुडालेली बाजू कोरी झाली होती.

“तो मळ नव्हता, दादा. बाबांचा चहा होता,” ती म्हणाली.

शाओपेईने पातेल्यातले पाणी ओतून दिले. मग म्हणाला, “मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.”

“माहीत आहे. त्यात चहा ओत. असाच ठेवू.”

आल्यागेल्यांनी विचारलेच, हा असा अर्धवट का. छिनयुनने त्यांच्याही हातात चहा दिला.

आता मी छिनयुनकडे असतो. ती हिरवा चहा पिते, तोही पाणचट. ओतते आणि विसरते. थंड चहा पोटात घेऊन मी दुपारपर्यंत बसतो. या गतीने माझ्या रेषा भरायला तिचे उरलेले आयुष्य लागेल. पण पिताना ती कोरी बाजू ओठांशी धरते, म्हणजे गुरुजींची बाजू तिच्या डोळ्यांसमोर येते. त्यामुळे मी कुरकुर आवरती घेतो.

मित्रांनो, घरातले माणूस गेले की त्याच्या वस्तू लगेच लख्ख करायला धावू नका. हात आवरा. डाग कशाचा आहे, ते आधी कोणाला तरी विचारा.

काल कोऱ्या बाजूला, काठापाशी, एक रेष पिवळसर झाली. केसाएवढीच आहे. छिनयुनने अजून पाहिलेली नाही. चष्मा लावून चहा प्यायला तिला कितीदा सांगायचे.