विहिरीतला मल्लेश

दिवस कलला की माझ्या पोटात गोळा येतो. शाळेत गणिताच्या तासाला यायचा, तसाच. फरक एवढाच की आता मी पन्नाशीला टेकलोय, उदगीरच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे, आणि मी ज्याला भितो तो मास्तर नाही, माझी आई आहे.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर बिदरकडचं, त्यामुळे घरात मराठीत कानडी मिसळलेलीच. एके काळी पार्वतम्मा येताना दिसल्या की गल्लीतली पोरं खेळ थांबवायची, असा तिचा दरारा. आता तिला विसरण्याचा आजार झालाय. लातूरच्या डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि तो वाढतच जाईल म्हणाले. सकाळी ती बरी असते. भाजी निवडता निवडता सुकन्याशी, म्हणजे माझ्या बायकोशी, भांडतेसुद्धा. दिवेलागणीला मात्र काहीतरी बिनसतं. ती उठते, पदर खोचते आणि दाराकडे निघते.

"मल्लेश कुठं गेला? पोरगं अजून घरी न्हाई आलं."

मल्लेश मीच. मी समोरच उभा असतो. "अव्वा, मी हितंच हाय की," म्हणतो. ती माझ्याकडे बघते आणि मला बाजूला सारते, गिऱ्हाइकानं न पटलेलं कापडाचं थान सारावं तसं.

एकदा अशीच निघाली आणि आम्हाला पत्ताच लागला नाही. देगलूरच्या बसमध्ये जाऊन बसली होती. कंडक्टरनं तिकीट विचारलं तर म्हणाली, पोराला आणाय चाललेय. तो भला माणूस, त्यानं उतरवून चौकशीच्या खिडकीशी बसवलं म्हणून सापडली. तेव्हापासून माझ्या मनात भीतीनं घरच केलं. एक दिवस ही अशीच जाईल, कुठल्यातरी रस्त्यावर मला शोधत फिरेल, आणि मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो तरी तिला सापडणार नाही.

मग सुकन्याला माळ्यावर माझा व्हिडिओ गेमचा डबा सापडला. दहावी पास झालो म्हणून अप्पांनी, माझ्या वडिलांनी, नांदेडहून आणलेला. त्याच्यासोबत एकच पिवळी कॅसेट, तळहाताएवढी. तिच्यात एक माणूस विहिरीत उतरतो. भिंतीतल्या खुंट्यांवर उड्या मारत खाली जातो, वाटेतल्या घागरी गोळा करतो, साप चुकवतो. गेमचं नाव परक्या अक्षरांत, ते आम्हाला कधी वाचता आलं नाही. आम्ही त्याला विहिरीचा गेम म्हणायचो आणि त्या माणसाला मल्लेश, कारण खेळणारा मी. दुपारची भांडी आवरली की अव्वाही रिमोट घेऊन बसायची. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची, हे तेव्हा मला मरणाचं झोंबायचं.

सुकन्यानं डबा जुन्या टीव्हीला जोडला आणि रिमोट अव्वाच्या हातात दिला. डोकं विसरलं होतं, अंगठे विसरले नव्हते. "उतरला बघ मल्लेश," अव्वा म्हणाली आणि हसली. बाहेर दिवे लागले. ती उठली नाही. तिचा मल्लेश घरातच होता, डोळ्यांसमोर उड्या मारत होता. सापावर पडला, खुंटी चुकली, तरी काही बिघडायचं नाही. पडला की लगेच पुन्हा विहिरीच्या काठावर उभा. त्या ठिपक्याचा मला हेवा वाटला हे खरं, पण त्या रात्री घरातले सगळे पोटभर जेवले.

त्यानंतर सगळ्या घराचा भार त्या कॅसेटवर आला. आणि कॅसेट म्हातारी. कधी नुसत्या आडव्या रेघा, कधी निळा पडदा. मी फुंकर मारायचो, तिचे तांब्याचे दात खोडरबरानं घासायचो, तिरपी लावायचो, सरळ लावायचो. मागे अव्वाची चुळबुळ सुरू व्हायची. हात कापायला लागले की कॅसेट खाचेत नीट बसत नाही, आणि बसली नाही की हात आणखी कापतात. एका संध्याकाळी ती लागेचना. अव्वानं कडी काढलेली मला ऐकू आली. सुकन्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि अव्वानं, जिनं सुनेवर तोंडाशिवाय दुसरं काही कधी उगारलं नव्हतं, तिच्या दंडाला चावा घेतला.

दुसऱ्या दिवशी मी नांदेड गाठलं. जुन्या टीव्हीच्या दुरुस्तीवाल्यानं कॅसेट उलटीपालटी केली. "शेठ, ह्ये आता भंगारातबी न्हाई मिळत. चाललंय तवर चालवा."

अक्षरा, आमची लेक, पुण्याला नोकरी करते. तिनं फोनवरच तोडगा काढला. "पप्पा, मूळ कंपनीनं तोच गेम परत काढलाय. टीव्हीवर डाउनलोड होतो. घासायला नको, फुंकायला नको. आणि तो असली आहे. तुमची कॅसेट डुप्लिकेट आहे, माहितीय ना? तेव्हा इकडे सगळ्या डुप्लिकेटच यायच्या."

सुकन्याला ते पटेना. "चाललंय त्ये चालू द्या," ती म्हणाली. "अव्वाला सवय झालीय. हात नका लावू."

"आणि उद्या बंद पडली म्हंजे?"

"पडल्यावर बघू की."

पडल्यावर बघू, हे ज्याला भीती वाटत नाही त्यानं म्हणावं. मला झोप नव्हती. त्यात असली-नकली हा शब्द माझ्या दुकानात काढला की मी हटून बसतो. सगळा जन्म त्यातच गेला. डोळे मिटून नुसत्या बोटांनी मी सांगतो, हे सूत आहे आणि हे नुसतं चमकतंय. नकली माल आज ना उद्या दगा देतो, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलोय. मग माझ्याच आईला नकली कॅसेटवर कसं सोडू?

अक्षरा शनिवारी आली, तिनं नव्या टीव्हीत गेम घातला. मीही व्यापारी आहे, पारखून घेतला. रंग तोच, सूर तोच, साप तेच. एकदा माणूस मुद्दाम खाली पाडून बघितला. पडला आणि वर काठावर आला. "हाव, माल बरोबर हाय," मी म्हणालो.

संध्याकाळी अव्वा नव्या टीव्हीसमोर बसली. रिमोट वेगळा होता, पण तिनं जुळवून घेतलं. चित्र इतकं स्वच्छ की ती खुशीत आली. "मल्लेश उजळला की गं," ती सुकन्याला म्हणाली. मी सुकन्याकडे, बघ म्हणालो होतो ना, अशा नजरेनं पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पोटातला गोळा विरला होता. मल्लेश पडला, वर आला. परत पडला, परत आला.

मग तो आणखी एकदा पडला आणि वर आला नाही. विहिरीच्या तळाशी तो मांडी घालून बसला. मान खाली घातली. वरून माती पडायला लागली, मातीचे चौकोनी ठिपके, हळूहळू. गुडघे झाकले, हात झाकले, डोकं झाकलं. पडदा काळा झाला.

दुसऱ्या घरात याचं कुणाला काही वाटलं नसतं. गेम संपला, परत लावा. पण आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, निजवतही नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात आणि मग घरची माणसं वरून माती लोटतात. अप्पांना असंच बसवलं होतं. अव्वा काठावर उभी होती.

आता ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माती दिली," ती म्हणाली. "माझ्या मल्लेशला माती दिली. मला बोलावलंबी न्हाई."

ती उठली, देवघरातून विभूती घेऊन आली आणि काळ्या पडद्यावर बोटं ओढायला लागली. अक्षरा "आजी, आजी" करत मागे धावली. अव्वाला कुणी दिसतच नव्हतं. "रिकाम्या हातानं बसवलं लेकराला," ती पुटपुटत होती. "हातात लिंग न्हाई दिलं कुणी." आणि तिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. जन्मात कधी उतरवू नये असं ते गळ्यातलं लिंग ती काढायला लागली, मला द्यायला.

मी तिचं मनगट धरलं. "अव्वा, हिकडं बघ. मी मल्लेश. जिता हाय मी, बघ की."

तिनं पाहिलं. याआधी तिनं मला बाजूला सारलं होतं, पण असं नीट निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"यारप्पा नी?" ती म्हणाली. कोण रे बाबा तू. दारावर अनोळखी माणूस आला की ती त्याला असंच विचारायची.

मी धावत जाऊन जुना डबा आणला. तारा जोडल्या, पिवळी कॅसेट बसवली. एरवी अर्धा तास छळणारी ती बया त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागली. विहिरीच्या काठावर माणूस उभा, ठणठणीत. "बघ अव्वा," मी म्हणालो, "आला की वर. काय न्हाई झालं त्याला."

अव्वा मागे सरकत सरकत भिंतीला टेकली. तिनं सुकन्याचा पदर मुठीत धरला. काही दिवसांपूर्वी जिला चावली होती तिच्याच मागे लपली.

"माती दिलेला माणूस वर न्हाई येत," ती म्हणाली. "त्ये मल्लेश न्हाई. मल्लेशचं रूप घेऊन दुसरंच कायतरी आलंय. बंद करा त्ये."

मी बंद केलं. तरी तिची नजर शांत होईना. ती पडद्यावरून सरकली आणि माझ्यावर येऊन थांबली. मीही नुकतंच तिला सांगितलं होतं की मी मल्लेश आहे. माझी आई मला भूत समजून थरथर कापत होती, आणि तिच्याकडे एक पाऊल टाकायची माझी छाती झाली नाही.

नंतर अक्षरानं मोबाईलवर शोधून काढलं. असली गेममध्ये माणसाला मोजकेच जीव असतात, ते संपले की तो मरतो. डुप्लिकेट कॅसेटी बनवणाऱ्यांनी पोरं कंटाळू नयेत म्हणून मरणच काढून टाकलं होतं. सांगताना तिला रडू आवरेना. मी तिला काय बोलणार? माल मीच पारखला होता.

त्यानंतर अव्वा दाराकडे गेली नाही. कडीला हात लावला नाही. महिन्यामागे मला कुणी हे सांगितलं असतं तर मी पेढे वाटले असते. आता ती कोपऱ्यात बसून राहायची, आणि ताट पुढे ठेवलं की सरकवायची. सुकन्यानं भरवून पाहिलं, दात आवळून घ्यायची. मठातून स्वामी आले, त्यांनी समजावलं की मल्लेश सुखरूप आहे. अव्वानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हीबी न्हवता की महाराज तवा. रिकाम्या हातानं गेला." पाण्याचा घोट तेवढा घ्यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर भरती करून नळी घालावी लागेल. तिच्या गालाची हाडं वर आली. मी खोलीत गेलो की ती अंग आखडून घ्यायची, म्हणून मी उंबऱ्याबाहेरून बघायचो. ती अशीच झिजून जाईल आणि ती मीच मारलेली असेल, हा विचार दुकानात कापड मोजायचा गज हातात घेतला तरी सुटायचा नाही.

एका दुपारी सुकन्या ताट ठेवून आत गेली होती. अव्वानं मला उंबऱ्यावर पाहिलं. या वेळी भ्याली नाही.

"कोण तुम्ही?"

मी मल्लेश म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बाजारातला हाय," म्हणालो. "मल्लेशच्या वळखीचा."

तिनं मला हातानं जवळ बोलावलं. मी जाऊन तिच्यासमोर बसलो. इतक्या दिवसांनी इतक्या जवळ.

"तुम्ही मातीला होता का त्याच्या?"

आतून सुकन्याच्या भांड्यांचा आवाज यायचा थांबला.

"होतो," मी म्हणालो.

"हातात दिलं का?"

"दिलं. डाव्या हातात. मी डोळ्यानं बघितलंय."

"विभूती?"

"लावली. स्वामी होते. समदे होते."

तिनं माझा हात हातात घेतला. तिची बोटं थंड होती. "एकटाच हुता खाली," ती म्हणाली. "भ्याला असंल वो लई."

"न्हाई," मी म्हणालो. "न्हाई भ्याला."

तिनं मोठा सुस्कारा सोडला. मग ताट पुढे ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. दुसरा मोडला. सुकन्या तोंडाला पदर लावून दारात उभी होती, तिला मी हातानंच थांबवलं. अव्वा अर्धी भाकरी खाऊन पाणी प्याली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"लई उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. "आता जावा घरी. आईला ताटकळत ठेवू न्हाई."

मी उठलो, चपला घातल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो.