अग्निनाथांचा जिवंत दगड

शुक्रवारी दुपारी आखातातल्या बिन महमूद वस्तीत, विभावरीच्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग पार लिफ्टपर्यंत पोचला होता. आत सोफे भिंतीला सरकवलेले, सतरंज्या अंथरलेल्या आणि छतावरच्या धुराच्या अलार्मला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. साक्षात ज्वालामुखीची देवी प्रकट व्हायची होती खरी, पण अलार्म वाजून खालचा वॉचमन वर येईल ही भीती तिलाही होती.

एसीच्या बरोब्बर खाली, मऊ गादीवर अग्निनाथ महाराज बसले होते. समोर परातीत नारळाएवढा काळा, भोकाभोकांचा दगड. वर शेंदूर थापलेला आणि चांदीचे दोन डोळे बसवलेले. शेंदूर आणि डोळे दिसले की आपल्या माणसाचे हात आपोआप जुळतात. मग तो ऑइल कंपनीत मॅनेजर असो की गॅस प्लँटवरचा इंजिनिअर, हात काही ऐकत नाहीत.

"माई हो, हा दगड नाही, जीव आहे!" महाराज गरजले. "इंडोनेशियाच्या ज्वालामुखीच्या मुखातून देवीनं स्वतः हा माझ्या ओटीत टाकला. विज्ञान म्हणतं, दगड थंड असतो. अरे, विज्ञानाला देवीचा ताप मोजता येईल का? थर्मामीटर फुटेल, थर्मामीटर!"

त्यांनी दगडाच्या माथ्यावरच्या खळग्यात तांब्यातलं पाणी ओतलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून सूंऽऽ असा आवाज आला, पाणी खदखदलं आणि पांढरी वाफ उठली. बायकांनी पदर पसरले. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून जयजयकारसुद्धा दबक्या आवाजात झाला.

"खोल श्वास घ्या! देवीचा श्वास आत जाऊ द्या!" महाराज म्हणाले. एसीचा झोत वाफ भक्तांकडे नेत होता, महाराजांकडे तिचा एक टिपूसही जात नव्हता. वाफ ओसरताच "देवी निजली" म्हणून त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

मागच्या भिंतीला टेकून रत्नप्रभा हे सगळं पाहत होती. ती इथल्या एका भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिचं लक्ष दगडाकडे नव्हतं. पहिल्या रांगेत डोळे मिटून छाती भरभरून वाफ घेणाऱ्या नुपूरकडे, आपल्या धाकट्या बहिणीकडे, ती बघत होती. नुपूरला लहानपणापासून दमा. महाराजांनी तिचा पंप बंद करायला लावला आणि गेल्या महिन्यात ती आयसीयूत जाऊन आली. त्यावर महाराजांचं उत्तर तयार होतं. "चोरून पंप घेतलास, म्हणून देवी कोपली. तरी वाचवलं तिनंच." नुपूरला ते पटलं होतं. आता ईदच्या सुट्टीत ती महाराजांच्या 'ज्वालामुखी दर्शना'ला निघाली होती. डोंगर चढून अनवाणी प्रदक्षिणा घालायची, तीही मास्क आणि पंपाशिवाय.

रत्नप्रभाला तो डोंगर ठाऊक होता. मागच्या ईदला ती नवऱ्याबरोबर इंडोनेशियातल्या त्याच डोंगराच्या राष्ट्रीय उद्यानात ट्रेकला गेली होती. पहाटेची थंडी, बुटांखाली करकरणारी राख आणि वाटेच्या तोंडाशी मोठी पाटी, दमेकऱ्यांनी पुढे जाऊ नये. विवराच्या काठाशी वारा फिरला आणि गंधकाचा पिवळट धूर अंगावर आला, तेव्हा तिच्या धडधाकट नवऱ्याला ओला रुमाल नाकाला धरून खाली पळावं लागलं होतं. आणि दगड? तसल्याच काळ्या दगडांवर बसून दोघांनी घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या होत्या. एकही दगड उकळला नव्हता.

हे सगळं तिनं नुपूरला सांगितलं होतं, हात जोडून सांगितलं होतं. नुपूर म्हणाली, "ताई, तू श्रद्धेनं गेली नव्हतीस." त्या दिवसापासून रत्नप्रभाच्या मनात समजावणं उरलं नव्हतं. तिला सूड हवा होता. या माणसाला त्याच्याच परातीत, त्याच्याच भक्तांसमोर उघडं पाडायचं होतं.

ती उठली. पिशवीतून शेंदूर लावलेला दगड काढून तिनं परातीत ठेवला.

"महाराज, मीही तिथे जाऊन आलेय. हा दगड बघा ना, यात देवी आहे का?"

महाराजांनी तुच्छतेनं पाहिलं. "मंत्राविना आणलेला दगड तो दगडच, माई. मेलेला आहे हा."

"मग पाणी घालून बघू या?"

त्यांनी परवानगी देण्याआधीच तिनं तांब्यातलं थोडं पाणी त्यावर ओतलं. दगडातून आधी बारीक कुरकुर आली, मग असा फुत्कार उठला की पुढची रांग मागे सरकली. महाराजांच्या दगडापेक्षा दुप्पट वाफ! विभावरीनं तर लोटांगणच घातलं.

महाराज क्षणभर गडबडले, पण धंद्यात मुरलेला माणूस तो. "पाहिलंत? माझ्या सान्निध्यानं मेलेला दगड जिवंत झाला! साक्षात देवी आहे ही! माई, हा दगड आश्रमाला अर्पण कर."

"नक्की देवीच ना?"

"त्रिवार देवी!"

"बाथरूममधला टाच घासायचा दगड आहे हा," रत्नप्रभा म्हणाली. "सुपरमार्केटमधून आणला. आत पोकळी कोरली, कळीच्या चुन्याचे खडे भरले, वरून शेंदूर थापला. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो तापतो आणि पाणी उकळतं. गावाकडे घराला सफेदी करताना पिंपात चुना खदखदायचा, आठवतंय ना? त्या पिंपाला कुणी नमस्कार केला होता?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराज कडाडले, "माझ्या देवीची बरोबरी करतेस?"

"नाही. फक्त तुमच्या दगडात परत पाणी घालते. मघाशी एकदा ओतलंत आणि लगेच देवी निजली म्हणालात. दर वेळी तसंच. जिवंत ज्वालामुखी तांब्याभर पाण्यानं दमतो होय?"

तिनं पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. दगड ढिम्म. खळग्यातून फक्त पांढरट गाळ बाहेर आला. तिनं त्यावर पूजेच्या ताटातली चिमूटभर हळद टाकली, तशी ती लालभडक झाली.

"हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे," ती म्हणाली. विभावरी हळूच उठून बसली.

पण रत्नप्रभाचं समाधान झालं नव्हतं. तिनं पिशवीतून तसाच चुना भरलेला आणखी एक दगड काढून परातीत ठेवला, परात उचलून थेट महाराजांच्या मांडीपुढे ठेवली आणि पाणी घातलं. वाफ आणि चुन्याची बारीक धूळ त्यांच्या तोंडावर गेली.

"घ्या, महाराज. खोल श्वास. माझ्या बहिणीला सांगितलात तसा."

महाराज मागे सरकले. उपरणं नाकाला लावून ठसकले. "दूर कर! दूर कर ते!"

"का? देवीचा श्वास आहे."

"अगं बाई, मला धूर सोसत नाही! डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय!"

नुपूर उभी राहिली. तिचा आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना कान द्यावे लागले.

"तुम्ही डॉक्टरकडे जाता?"

महाराजांनी चांदीचे डोळे तेवढे झटकन आपल्या दगडावरून उपटले.

"जाऊ दे, रत्ना," विभावरी पुटपुटली. "चुकले असतील. माफ कर, खलास, विषय संपला."

"चुकला त्याला माफ करतात," रत्नप्रभा म्हणाली. तिला या माणसाची तसूभरही दया येत नव्हती आणि ते लपवायची गरजही वाटत नव्हती. "यांना चुना माहीत होता. एसीचा झोत कुठे जातो ते माहीत होतं. स्वतःच्या छातीसाठी डॉक्टर माहीत होता. फक्त नुपूरला त्याच्याकडे जाऊ द्यायचं नव्हतं. मी तक्रार करणार आहे आणि तुम्ही सगळे साक्षीदार आहात. ज्वालामुखी जरूर बघा. पायात बूट घाला, पाटी वाचा, रेंजरचं ऐका. तो भव्य आहे, पण त्याला तुमची नावं माहीत नाहीत आणि तो कुणाचा दमा बरा करत नाही. आणि कुणी दगड उकळून दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, आता पुन्हा उकळून दाखव."

महाराज कफनी सावरत दाराकडे निघाले. नुपूर त्यांच्या वाटेत उभी राहिली आणि बाजूला झाली नाही.

"आधी या सगळ्यांना सांगा," ती म्हणाली, "तुमचा डॉक्टर कोण ते. मलाही त्यांच्याकडेच जायचंय."