तानुबाईचं पिल्लू

सन अडतीसच्या हिवाळ्यात डोणगावच्या उत्तमरावांची मांजर ओकून ओकून मेली. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं, "हा रोग घरात टिकतो. वर्षभर दुसरं मांजर आणू नका." पण उंदीर ज्वारी पोखरू लागले, तसं उत्तमरावांनी शेजारच्या तानुबाईकडून पिल्लू मागून आणलं. रोगाचं काही बोलले नाहीत. बोलले असते तर पिल्लू कसं मिळणार?

आठव्या दिवशी पिल्लू मेलं. तानुबाई दारात आली. "भाऊजी, माह्याच पिल्लात खोट असंन. घरी तीन हायेत, त्यातलं एक आणू का?" म्हणत तिनं उंबरा ओलांडायला पाय उचलला.

"वहिनी, आत येऊ नका. रोग पायाले लागून तुमच्या पिल्लांकडे जाईन."

"तुमाले मालूम होतं?"

"हाव," उत्तमराव जमिनीकडे बघत म्हणाले.

तानुबाईनं पाय मागं घेतला आणि ती निघाली. तिनं शिव्या दिल्या असत्या, तर त्यांना मान वर करता आली असती.