माझं दुसरं नाव पोतं

मित्रांनो, मी एक जुनी रेबेका आहे. नावावरून मला कुणी बाई समजू नका. पुढून बटणं असलेल्या लोकरी स्वेटरला आमच्या बुर्गोस शहरात रेबेका म्हणतात. रंग करडा, बटणं शिंगाची, आणि उजव्या कोपरावर तपकिरी रफू. त्या रफूची हकिकत सांगायची मला लाज वाटते. मला मान नाही, नुसता गळा आहे. नाहीतर मान खाली घालूनच सांगितली असती.

मला दोन्या फेलिसांनी विणलं; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. त्यांची एकुलती एक लेक नुरिया नोकरीसाठी बार्सेलोनाला गेली, त्या हिवाळ्यात रिकामं घर त्यांना खायला उठलं. हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी सुया घेतल्या. रविवारी चर्चमध्ये बायका माझी बाही चिमटीत धरून म्हणायच्या, "फेलिसा, दुकानातली वाटते गं!" तेव्हा मी फुलून जायचे. पुढे यजमान गेले, मग दोन्यांचं खुब्याचं हाड मोडलं. चर्च सुटलं आणि मी खुर्चीच्या पाठीवर पडून राहू लागले. लेकीचा फोन मात्र दर रविवारी यायचा. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? चल, ठेवते." एवढंच.

दोन्यांची काळजी घ्यायला यानेत आली. ती कोलंबियातल्या तुन्हा गावची. मुलांना आईपाशी ठेवून आलेली. तिच्या पगारावर मुलं तिकडे शिकत होती. दोघींची भाषा एकच, स्पॅनिश. पण कपाट उघडलं की एकीच्या दोन व्हायच्या. यजमानांचा जुना सूट झटकताना यानेत कौतुकाने म्हणाली, "साहेबांचा झगा किती देखणा आहे हो!" आमच्याकडे बायकांच्या झग्याला जो शब्द, तोच तिच्या गावी पुरुषांच्या सुटाला. दोन्या ताडकन म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात झगा घातला नाही!"

त्याच संध्याकाळी तिने मला उचललं. "दोन्या, साको घाला बरं. गारठा बघा किती पडलाय."

साको! मित्रांनो, बुर्गोसमध्ये साको म्हणजे पोतं. मी, चर्चमध्ये नावाजलेली रेबेका, आणि मला पोतं? दोन्यांनी टोमणा मारला, "का गं, मी काय बटाटा आहे?" यानेतला तो कळलाच नाही, कारण तिच्या गावी बटाट्यांच्या पोत्याला निराळाच शब्द. ती आपली बरोबरीने हसली. तिच्याकडे साको म्हणजे स्वेटर, हे दोन्यांना लवकरच उमगलं. पण तिला तसं सांगायचं सोडून त्या रोज टोमणा मारत राहिल्या. मीही रुसून तिच्या हातात ताठ व्हायचे. यानेत आपल्या गावच्या रीतीने गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे सोडायची. दोन्या नाक मुरडायच्या आणि कप चाटूनपुसून रिकामा करायच्या.

एका रविवारी फोनवर लेकीने नेहमीप्रमाणे विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी कसली? रोज संध्याकाळी ही मला पोत्यात घालते."

दोन्या थट्टाच करत होत्या. पण पलीकडून आवाज आला, "काय? काय म्हणालीस आई? नीट सांग मला." इतक्या आस्थेने नुरियाने कित्येक वर्षांत काही विचारलं नव्हतं. दोन्या हळूच म्हणाल्या, "हो. पोत्यात. गळ्यापर्यंत."

दुसऱ्याच दिवशी नुरिया येऊन धडकली. अंगातला कोटही न काढता तिने कोठीतलं पोतं बाहेर ओढलं, तसे बटाटे फरशीवर गडगडत गेले. "हेच ना ते? म्हाताऱ्या माणसाशी असं वागता? लाज नाही वाटत?"

यानेत पांढरीफटक पडली. "ते... ते बटाट्यांचं आहे हो."

"एक शब्द बोलू नका. सामान आवरा. पोलिसांत देत नाही हे नशीब समजा."

मी खुर्चीवर होते. दोन्यांचा हात माझ्यावर होता. त्या एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं. त्या माझं बटण चाचपत बसल्या. लेक घरात होती, तिच्या कोटाला बाहेरच्या थंडीचा वास येत होता. खोटं कशाला बोलू, मलाही बरंच वाटत होतं. पोतं म्हणणारी जाते तर जाऊ दे.

यानेतने बॅग भरली. दार उघडताच जिन्यातला वारा आत घुसला. ती थबकली, बॅग खाली ठेवून परत आली आणि सवयीने मला उचललं. "दोन्या, आधी साको घाला. मग मी जाते."

"आईला हात लावू नका!" नुरियाने मला हिसकावलं. माझं कोपर टर्रकन फाटलं. मग तीच थांबली. "काय म्हणालात? काय घाला?"

"साको." यानेत रडत होती. "हा काय, तुमच्या हातात."

नुरियाने माझ्याकडे पाहिलं, मग फरशीवरच्या पोत्याकडे. तिचा चेहरा लालबुंद झाला. "आई, तुला ठाऊक होतं?"

दोन्या म्हणाल्या, "होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू आली होतीस ना गं."

नुरियाने यानेतचे हात धरून माफी मागितली. यानेत राहिली, मुलांची शाळा होती, करते काय? तिने स्वतःच्या जुन्या स्वेटरची तपकिरी लोकर उसवून माझं कोपर रफू केलं. पण तोंडाला कुलूप. प्रत्येक शब्द चाचपून बोलायची, "दोन्या, आपली रेबेका." चॉकलेटमध्ये चीज पडेना. माझं नाव मला परत मिळालं होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोन्या तर तिच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी दोन्यांनी घसा खाकरला. "यानेत, माझा साको दे."

यानेत दारातच उभी राहिली. "कोणता साको, दोन्या? तुमच्याकडचा की माझ्याकडचा?"

"तुझ्याकडचा," दोन्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "चुकलं गं माझं."

मित्रांनो, आता मी विरत चालले आहे. कोपरावरची ती तपकिरी लोकर तेवढी अजून घट्ट आहे. माझ्यातला तेवढा भाग खराखुरा साको आहे. एवढीच विनंती करते. कुणाच्या तोंडचा शब्द कानाला खटकला, तर हसण्याआधी, रागावण्याआधी, त्या माणसाच्या हातात काय आहे ते बघा. आम्ही ते बघितलं नाही. तिच्या हातात मी होते, आणि बाहेर थंडी होती.