पाण्याने पकडलेला चोर

राखीव जंगलातल्या त्या एवढ्याशा तळ्यावर सकाळी सकाळी गावच्या गाव लोटलं होतं. एरवी पक्षी बघायला चार माणसं फिरकत नाहीत. पण आज चोर बघायला मिळणार होता.

चोर म्हणजे जंगलाचा रखवालदार, असं आधीच ठरल्यासारखं होतं. तळ्याकाठच्या खोपटातली पक्षी बघायची दुर्बीण नाहीशी झाली होती आणि ती कुणी नेली, हे तळेमहाराज नावाचे बुवा पाण्यालाच विचारणार होते. नाव आलं की नोकरी गेली, नोकरीबरोबर जंगलातलं घरही गेलं. रखवालदाराची बायको गर्दीत ओठ आवळून उभी होती.

"पाण्याला पोट नाही, म्हणून ते लाच खात नाही!" महाराज गरजले. लोकांनी माना डोलावल्या.

महाराजांनी सगळ्यांना पश्चिमेच्या काठावर उभं केलं. वनसमितीचे अध्यक्ष, माळी, तिकीटवाला एकेक करून पाण्याशी बसले. पाणी ढिम्म. मग एकट्या रखवालदाराला समोर पूर्वेच्या काठावर धाडलं. तो बसला मात्र, त्याच्यापुढचं पाणी गरागरा फिरायला लागलं.

"बोललं! पाणी बोललं!"

रखवालदार पांढराफटक पडला. "मीच कुठं ठेवली असेल," तो पुटपुटला. "पाणी कशाला खोटं बोलेल?"

बायकोचा कानांवर विश्वास बसेना. अहो, वाटेत पडलेलं पीससुद्धा घरी न आणणारा हा माणूस!

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तळ्याला वळसा घालून पूर्वेच्या काठावर आल्या. "दादा, जरा उठा बघू." पाणी शांत झाल्यावर त्यांनी लांबूनच आपली छत्री उघडून त्याच जागी धरली. पाणी पुन्हा गरागरा.

"छत्रीनेच नेली वाटतं," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतली चहाची गाळणी पाण्यातून फिरवली. गाळणीत मसुराएवढे काळे किडे वळवळत होते.

"हे पाण्यावर निवांत बसतात. सावली पडली की शत्रू आला समजून गरगरतात. सकाळचं ऊन पूर्वेचं. इकडे बसणाऱ्याची सावली पाण्यात पडते, तुमची मागे झाडीत. महाराज, बसता का इथं?"

महाराजांना एकदम कुठलंसं तातडीचं बोलावणं आठवलं.

"मग दुर्बीण नेली कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"माहीत नाही. माहीत नसेल तर शोधावं, चौकशी करावी. समजत नाही म्हणून हाताशी सापडेल त्याला चोर ठरवू नये."

आता मात्र बायकोला राहवेना. "दोन दिवस दारोदार सांगतेय, यांनी नेली नाही म्हणून. माझं एकानं ऐकलं नाही. किड्यांचं बरं लगेच ऐकलंत!"

मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्हीसुद्धा!"