क्लचचा पाव फेरा

रविवारच्या प्रार्थनेहून परतल्यावर लुदिविनाने काळ्या शालीची घडी केली, बाह्या दुमडल्या आणि धाकट्या भावाच्या डोंगरी मोटारसायकलीपुढे ठाण मांडले. वडिलांच्या मागे हे गॅरेज तिने एकटीने चालवले होते. अँतिओकिया प्रांतातल्या त्या डोंगरगावात तिने हात लावलेल्या इंजिनाविषयी शंका काढण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

दरीत कोसळल्यापासून आबेलार्दोच्या डाव्या हातात क्लच दाबण्याइतकी ताकद उरली नव्हती. मित्रांच्या गाड्या फाटकावरून डोंगराच्या धारेकडे निघून जात आणि मागची धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच उभा राही. आता मेदेयीन शहरातून स्वयंचलित क्लच आला होता. इंजिनाने वेग घेतला की तो आपणहून पकडे, मंदावले की सोडे. हाताचे कामच नाही. फक्त आतल्या चकत्यांमधली फट नेमकी बसायला हवी होती.

"झालं का?" आबेलार्दोने विचारले.

"चर्चमध्येसुद्धा हे राइडिंगचे बूट घालून बसलास. पाद्रीबाबा प्रवचन सोडून तुझे पायच बघत होते."

"त्यांनाही आमच्याबरोबर वर यायचं असेल, ताई."

तिने क्लच बसवला. इंजिन चांगले तापल्यावर आबेलार्दोने क्लचची दांडी आणि हँडलची मूठ यांना मिळून रबर बँड अडकवला आणि उजव्या हाताने इंजिनाला जोर दिला. फट बरोबर असली की ताणलेला रबर बँड दांडीला किंचित मुठीकडे ओढून घेतो. दांडी हलली नाही. त्याने पुन्हा पाहिले. मग इंजिन बंद केले.

"हा चढावर घसरणार, ताई. पहिल्याच वळणावर चकत्या जळतील नि मी गाडी ढकलत परत येईन."

"परत येशील तर खरा."

शब्द तोंडून गेले ते गेलेच. आबेलार्दो रागावला नाही. तिच्याशेजारी येऊन बसला.

"तुझ्या हातून फट चुकत नसते. तू ती मुद्दाम चुकीची ठेवलीस."

"तुला दरीतून वर ओढलं, तेव्हा दोर माझ्या हातात होता."

"म्हणूनच हा क्लच मी दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही." तो धारेकडे पाहत होता. "रोज सकाळी ढग तिथून खाली उतरतात आणि मी इथून बघत बसतो. मला एकदा त्यांच्या वर जायचंय गं."

लुदिविनाने मान वर केली. चिखलाने माखलेला, भुकेला, मोठ्याने हसत अंगणात शिरणारा तो भाऊ तिलाही किती दिवसांत भेटला नव्हता. तो वरच कुठेतरी राहून गेला होता. खाली परतलेल्या या अबोल माणसाला ती इतके दिवस जेवू घालत होती.

तिने पाना उचलला आणि फट ठरवणारा स्क्रू पाव फेरा मागे घेतला.

"दे जोर."

दांडी हलली.

"हलली, ताई."

"मला दिसतं. डोळे गेले नाहीत माझे."

फाटकावर मित्रांचे हॉर्न वाजले. तो निघाला, तेव्हा कधी परतशील, हे तिने विचारले नाही. ती अंगणात उभी राहिली. शेवटच्या उभ्या चढावर घसरणारा क्लच लपत नाही. इंजिन नुसतेच किंचाळते आणि गाडी जागची हलत नाही. लुदिविनाने कान देऊन ऐकले. त्याच्या गाडीचा आवाज भरीव होता, एकसारखा वर चढत होता. त्यात दोष काढण्यासाठी ती फार वेळ थांबली, पण एकही सापडेना. मग धार ओलांडून तो आवाज पलीकडे गेला.